खंबाटकीच्या पायथ्याशी

पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी शिरवळजवळ नीरा नदी पार करतो आणि सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. तेथून खंडाळ्यापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे. हे खंडाळे लोणावळ्याशेजारचे नव्हे, सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गाव मागे पडू लागते आणि समोर डोंगराची भिंत उभी राहते. हाच खंबाटकी घाट. साताऱ्याकडून येणाऱ्या वाहनांसाठी बोगदा झाला, तरी साताऱ्याकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे हा चढ आणि त्याची वळणेच आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे वाहनांच्या रांगा लागतात, आणि कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी हे त्या दिवसांतले नेहमीचे दृश्य असते.

वैशाखातील अशाच एका चतुर्दशीला पुण्यातील भुसार मालाच्या एका व्यापाऱ्याचे कुटुंब कुंभोजगिरीच्या यात्रेस निघाले होते. गाडीत व्यापारी, त्यांची पत्नी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि ऐंशीच्या घरातील आई. आईंचा त्या दिवशी उपवास होता. सूर्यास्तापर्यंत उकळलेले पाणी, एवढाच त्यांचा आधार. म्हणून पाच लिटरचा एक कॅन त्यांच्या पायाशी जपून ठेवलेला होता. इतरांना चौविहार. तेव्हा सूर्य मावळण्यापूर्वी धर्मशाळेत पोहोचायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाल्यावर आईंचे पारणे करायचे, असा बेत ठरला होता.

बेतात एकच खोट होती, ती गाडीची. गेल्या चार महिन्यांत इंजिन तीन वेळा तापले होते. पहिल्या वेळी थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्या वेळी रेडिएटर आतून धुऊन घेतला, तिसऱ्या वेळी कूलंट नवे भरले. प्रत्येक वेळी गाडी आठ-पंधरा दिवस बरी चाले आणि मग कुठल्या तरी चढावर किंवा गर्दीत काटा पुन्हा लाल रेषेकडे सरके.

त्या दिवशीही तेच झाले. शिरवळपर्यंत काटा मध्यावर स्थिर होता. खंडाळ्याच्या पुढे वाहनांची रांग लागली, गाडी मुंगीच्या पावलाने चालू लागली, आणि घाट सुरू होण्याआधीच काटा वर चढला. व्यापाऱ्यांनी वातानुकूलन बंद केले, काचा उघडल्या आणि गाडी सेवारस्त्यावरील एका लहानशा गॅरेजसमोर आणून उभी केली.

मुलाने घाईने बॉनेट उघडले. गरम वाफेचा वास आला. जवळपास नळ दिसेना. त्याची नजर कॅनकडे गेली आणि तो थबकला. आईंनी ते पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, “घे बेटा, ओत. माझे काय, दिवस उतरेपर्यंत निघेल.” दुपारचे बारा वाजत आले होते, सूर्यास्ताला सात तास होते. सुनेने मान खाली घातली.

तेवढ्यात गॅरेजचे मिस्त्री हात पुसत बाहेर आले. “थांबा, आजी. ते पाणी ठेवा तुमच्याजवळ. गाडी तहानलेली आहे की नाही, हे आधी बघू द्या.”

त्यांनी मुलाला रेडिएटरच्या झाकणापासून दूर केले. तापलेल्या इंजिनातील पाणी दाबाखाली असते. त्या दाबामुळेच ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, पाणी क्षणात उसळते आणि हात-तोंड भाजते. शिवाय तापलेल्या धातूवर थंड पाणी पडले, तर त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून पहिला अर्धा तास त्यांनी काहीच केले नाही. फक्त प्रश्न विचारले.

“शेठ, गाडी वेगात असताना तापते की रांगेत?”

“रांगेत आणि चढावर. मोकळ्या रस्त्यावर कधीच नाही.”

“पाणी कमी होते का? वरचेवर भरावे लागते का?”

व्यापारी विचारात पडले. तीन दुरुस्त्या झाल्या होत्या. पण हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता. “नाही,” ते म्हणाले. बाजूच्या पारदर्शक डब्यातील कूलंट खुणेपर्यंत भरलेले होते. म्हणजे गळती नव्हती. आईंनी देऊ केलेल्या पाण्याची गाडीला गरजच नव्हती.

मग मिस्त्रींनी हिशेब तपासावा तशी एकेक बाब तपासली. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर न्यावी लागते. पंप पाणी फिरवतो, इंजिन तापले की थर्मोस्टॅट वाट उघडतो, रेडिएटरमध्ये पाणी निवते आणि परत येते. या साखळीत खोट कुठे आहे, एवढेच शोधायचे होते. इंजिन पुन्हा सुरू करून तापू दिल्यावर त्यांनी रेडिएटरचे दोन्ही पाइप फडक्याने चाचपले. वरचा तापलेला आणि खालचा गार असता, तर थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पाणी फिरत नाही, असे म्हणता आले असते. येथे दोन्ही तापलेले होते. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेलात दुधाळपणा नव्हता. मागच्या नळीतून पांढरा धूर नव्हता, पाण्यात बुडबुडे येत नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटही शाबूत. पंखा सुरू होता आणि जोरात फिरत होता.

“उष्णता रेडिएटरपर्यंत नीट पोहोचते,” मिस्त्री म्हणाले, “पण तिथून बाहेर पडत नाही.”

त्यांनी वहीचे एक पान फाडून गाडीच्या पुढच्या जाळीवर धरले. पंखा फिरत असताना हवा आत ओढली जाते, त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा. त्यांनी हात काढला आणि कागद जमिनीवर पडला.

इंजिन बंद करून त्यांनी पुढचा भाग सोडवला. पुढे वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर. दोहोंमध्ये दोन बोटांची फट. विजेरीचा उजेड पडला, तेव्हा त्या फटीत करड्या रंगाचे नमद्यासारखे थर दिसले. मिस्त्रींनी चिमटीने एक तुकडा ओढून व्यापाऱ्यांच्या तळहातावर ठेवला. तागाचे तंतू, कोंडा, तुरीची टरफले आणि धूळ. ते काय आहे, हे सांगण्याची गरज नव्हती. गाडी रोज दुकानासमोर उभी असे. तेथेच पोती उतरत, बारदान झटकले जाई, आणि चालू इंजिनाचा पंखा ती सारी धूळ ओढून घेई. मोकळ्या रस्त्यावर वेगाचा वारा कशीबशी वाट काढत असे. रांगेत केवळ पंख्यावर भिस्त येई, आणि चढावर उष्णता वाढे तेव्हा तो अपुरा पडे. रेडिएटर आतून धुतला गेला होता. बाहेरून कोणी पाहिलाच नव्हता.

मिस्त्रींनी हवेची नळी हाती घेतली, तेव्हा बाकावर बसलेल्या आई म्हणाल्या, “आधी नीट बघा हं. आत जिवंत काही नाही ना?” मिस्त्रींनी पुन्हा विजेरी धरली. कोपऱ्यातील एक कोळी त्यांनी कागदावर घेऊन कुंपणाशी सोडला. मग इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकणार नाहीत अशा बेताने हवा सोडली. जमिनीवर कोंड्याचा ढीग साचला.

या वेळी कागद जाळीला चिकटून राहिला.

व्यापाऱ्यांनी मजुरी विचारली. मिस्त्रींनी सांगितलेला आकडा थर्मोस्टॅटच्या किमतीहूनही कमी होता. “शेठ, सुटा भाग एकही लागला नाही,” ते म्हणाले, “मग कशाचे घेऊ?” व्यापारी क्षणभर गप्प राहिले. तूट दिसताच कारण न शोधता नवी रक्कम ओतणाऱ्याला त्यांनी स्वतःच्या पेढीवर कधी उभे केले नसते. गाडीच्या बाबतीत मात्र चार महिने ते तसेच वागले होते.

घाटात रांग होतीच. गाडी थांबत, सरकत वर चढली आणि काटा मध्यावरून हलला नाही. खाली सुरूरजवळ वाईचा फाटा मागे पडला, पुढे कऱ्हाडला कोयना ओलांडली. दिवस मावळायला दीड तास असताना कुंभोजच्या पायथ्याची अठ्ठावीस फुटी बाहुबलीमूर्ती दिसली आणि गाडीतील सर्वांचे हात जोडले गेले. वर टेकडीवर जगवल्लभ पार्श्वनाथांचे मंदिर उन्हात उजळले होते.

आईंच्या कॅनमध्ये अजून अर्धे पाणी शिल्लक होते. नातवाने ते पेल्यात ओतून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते सावकाश घेतले आणि सूर्याकडे एकवार पाहून दुसऱ्या दिवसापर्यंतचे पच्चक्खाण केले.