एकशे ब्याण्णव मते

वडिलांच्या हातचे एक पोस्टकार्ड माझ्यापाशी आहे. १९९५ साली ते मला कोइमतूरला आले. वडील पत्रात क्षेमकुशल लिहून मगच मुद्द्यावर येत. या पत्रात क्षेमकुशल नव्हते. मजकूर दोनच वाक्यांचा होता : 'आबासाहेब १९२ मतांनी पडले. आपल्या घरची दोन मते तिकडे होती.'

ती दोन मते म्हणजे माझे आणि माझ्या चुलत्यांचे. आमचा गाव सांगोला तालुक्यातला. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा हा मुलूख माणदेशात मोडतो. येथे पाऊस येतो तोही परक्यासारखा, उभ्या उभ्या चौकशी करून जाणारा. माणदेशातली माणसे पिढ्यान् पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आली. कोणी ऊसतोडीला गेले, कोणी मेंढरे घेऊन, तर कोणी सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात शिरून देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसले. चुलते त्यांपैकीच एक. त्यांच्या दुकानाचे हिशेब मी लिहीत असे. नावे मात्र दोघांचीही गावच्याच मतदारयादीत होती.

आबासाहेब म्हणजे भाई गणपतराव देशमुख. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला त्यांची ओळख करून दिली पाहिजे. ते मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. जन्म १९२६ चा. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे ते विधानसभेवर निवडून आले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची ती पहिली निवडणूक. २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाला १५ मिळाल्या. त्या पंधरांतला हा एक तरुण वकील पुढे सुमारे पन्नास वर्षे विधानसभेत बसेल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

निवडणुकांचा पट मांडायचा तर तो असा : १९६२ आणि १९६७ मध्ये विजय, १९७२ मध्ये पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय, त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९५ चा तो पराभव. आणि १९९९, २००४, २००९, २०१४. एकूण अकरा विजय, सर्व एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ८८ होते. २०१९ साली ते उभे राहिले नाहीत, आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

आमच्याकडे हा देशातला विक्रम म्हणून सांगितला जातो. तमिळनाडूत राहिलेल्या माणसाला तसे म्हणता येत नाही. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत. शेजारच्या केरळात के. एम. माणी यांनी पाला मतदारसंघ १९६५ पासून अखेरपर्यंत सोडला नाही आणि ओमन चंडी १९७० पासून पुदुपल्लीतून बारा वेळा निवडून आले. परंतु करुणानिधी आणि चंडी मुख्यमंत्री झाले, माणींनी वर्षानुवर्षे अर्थखाते सांभाळले. गणपतरावांची बहुतेक वर्षे विरोधी बाकांवर गेली. १९७७-७८ मध्ये काही काळ ते विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. दोन्ही वेळा मंत्रिपद अल्पकाळच टिकले. सत्ता हाती नसताना माणूस इतक्यांदा का निवडून येतो, हा प्रश्न मला विक्रमापेक्षा मोलाचा वाटतो.

त्याचे उत्तर वडील एका शब्दात देत : 'भेटतो.' एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून गणपतरावांचा लौकिक राज्यभर होता. पण वडिलांना त्या साधेपणाचे कौतुक नव्हते. आपणही एस.टी.नेच जातो, त्यात विशेष काय, असे ते म्हणत. कागद घेऊन गेले की माणूस भेटतो आणि कागद वाचतो, एवढ्यावर त्यांचा हिशेब पुरा होई. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. त्याच काळातल्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे तिला कायद्याचे रूप आले. मागेल त्याला काम हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, ही भाषा आमच्या घरात लाल बावट्याच्या सभांतून आली. १९९९ मध्ये त्याच रोजगार हमीचे खाते गणपतरावांकडे आले, तेव्हा आईला फार बरे वाटले होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. क्रांतिसिंहांच्या प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. गणपतराव तिच्या अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी केवळ नदीकाठच्या उसाचे नाही, वर माळावर राहणाऱ्याचाही त्यात वाटा आहे, ही समन्यायी वाटपाची मागणी तेथे वर्षानुवर्षे मांडली गेली. टेंभूचे पाणी आमच्या तालुक्यात उशिरा आले, आणि आले तेही सगळ्यांना पुरेल इतके नाही. मधल्या काळात लोकांनी ठिबकावर डाळिंबे जगवली. अर्धशतकाच्या आमदारकीनंतरही तालुका तहानलेला का राहिला, असे विरोधक विचारीत. आणि तो प्रश्न अन्यायाचा नव्हता. एका लहान पक्षाचा निष्ठावंत राहून धरणे बांधता येत नाहीत. २०१४ च्या विधानसभेत त्या पक्षाचे तीनच सदस्य उरले होते. पक्ष बदलला असता तर कदाचित पाणी लवकर आले असते. पण मग पाण्याचा वाटा हक्क म्हणून मागणारा माणूस तोच राहिला असता का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता पुन्हा त्या पोस्टकार्डाकडे येतो. वडिलांनी आधी एक पत्र पाठवून मतदानाला बोलावले होते. मी दुकानात काम फार आहे असे कळवले. ते खोटे नव्हते, पण खरे कारणही नव्हते. आबासाहेब येणारच, आपल्या एका मताने काय होणार, असे मी धरून चाललो होतो. सलग पाच वेळा निवडून आलेल्या माणसाविषयी असे वाटणे फार सोपे असते. निकालानंतर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. दोन मते वळती केली तरी एकशे नव्वद उरतातच. गणित माझ्या बाजूचे होते. परंतु माझ्यासारखेच गणित मांडून दूरदूरच्या सराफ बाजारांत किती जण बसून राहिले असतील, ते कोणत्याच निकालपत्रकात नसते. ज्याने माणसांना गाव सोडावे लागू नये म्हणून आयुष्य खर्चले, त्याला गाव सोडून गेलेल्यांचीच मते मिळाली नाहीत. निदान माझे तरी मिळाले नाही.

१९९९ साली मी गेलो. दोन रात्रींचा प्रवास करून सकाळी घरी पोचलो. वडिलांनी एवढ्या लांबून का आलास, असे विचारले नाही. चहा झाल्यावर ते मुकाट्याने चप्पल घालून उभे राहिले आणि आम्ही दोघे शाळेकडे निघालो. रांगेत ते माझ्या पुढे होते. त्या निवडणुकीत गणपतराव निवडून आले.

२०१९ मध्ये त्यांचे नातू ७६८ मतांनी पडले. २०२४ मध्ये दुसरे नातू निवडून आले. घराण्याकडे वारसा जावा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि वडील असते तर त्यावर त्यांनी माझ्याशी वाद घातला असता. पण ७६८ हा आकडा ऐकताच मी प्रथम घरातली मते मोजली. या खेपेला सगळी पडली होती.