बडोद्याशी जुना संबंध

दर रविवारी विहारात वंदना झाली की चहा होतो, आणि चहाबरोबर आमचा प्रोग्रामर होतो. मुलगा आमच्याच पिंपरीच्या वस्तीतला. विहाराच्या वरच्या खोलीत आम्ही चालवत असलेल्या अभ्यासिकेत रात्री बारा-बारापर्यंत बसून तो इंजिनिअर झाला. आता हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. कामाबद्दल तो बोलत नाही. बोललाच तर आम्हाला कळत नाही. तो बोलतो ते कामाबाहेरच्या जगाबद्दल, आणि ते जगही त्याला कुणीतरी घाईत लिहिलेला प्रोग्रॅम वाटते.

वस्तीतल्या नळाला पहाटे पंधरा मिनिटे पाणी येते. तो म्हणतो, "पाणी येत नाही, पाण्याचा डेमो येतो." आईने शेजारणीला सांगितले, पोरगा कंपनीत बग काढतो, बग म्हणजे किडे. शेजारीण म्हणाली, आमच्या खाटेत ढेकूण झालेत, रविवारी पाठव. इंजिनिअर झाल्यापासून त्याने चार मिक्सर, दोन टीव्ही आणि एका मावशीची शिलाई मशीन दुरुस्त केली आहे. कुणाच्याही घरी गेला की आधी बंद पडलेली वस्तू पुढे येते, मग पाणी.

आम्हालाही तो सोडत नाही. जयंतीच्या मीटिंगमध्ये एकच ठराव सात वेळा होतो, कारण आमच्या लूपमध्ये थांबायची अट लिहायची राहून गेली आहे, असे त्याचे निदान. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाल्यापासून नवी नवी व्हर्जन्स येताहेत, पण जुना बग प्रत्येकात कायम. यावर आम्ही जरा कमी हसलो.

मागच्या पावसाळ्यात त्याने वाकडला भाड्याने फ्लॅट शोधायला घेतला आणि आमच्या चहाला दोन महिने पुरेल एवढा माल मिळाला. एजंट आधी विचारतो, व्हेज की नॉनव्हेज? हा म्हणतो, "मी भाड्याने घर मागतोय, थाळी नाही." मग पूर्ण नाव. याचे आडनाव गायकवाड. "आपलं आडनाव ड्युअल सिम आहे, दादा. दोन्हीकडं रेंज येते. समोरच्याला कळेना की कुठलं सिम चालू आहे, मग तो गाव विचारतो, गावावरून कळलं नाही तर कुलदैवत." कुलदैवताला त्याचे उत्तर ठरलेले: "होतं. १९५६ ला अनइन्स्टॉल केलं." आणि एवढे सगळे झाल्यावर संध्याकाळी एजंटचा फोन येतो की मालकाचा भाऊ राहायला येतोय, सॉरी. "एका महिन्यात नऊ मालकांना भाऊ झाले. वाकडची लोकसंख्या माझ्यामुळं वाढतीय."

दहाव्या मालकाने विचारले, गायकवाड म्हणजे बडोद्याचे का? हा म्हणाला, "हो, बडोद्याशी जुना संबंध आहे." फ्लॅट मिळाला.

आम्ही इतके हसलो की एकाचा चहा सतरंजीवर सांडला. तो पुसायला उठता उठता आमचा प्रोग्रामर म्हणाला, "अनइन्स्टॉलवालं मी तिथं बोललो नव्हतो, दादा. ते येताना गाडीवर सुचलं. तिथं मी तुळजापूर सांगितलं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आईला अजून नेलं नाही तिकडं. ती जिन्यात कुणीही दिसलं की जयभीम म्हणते."

त्यानंतर काही कुणाला बोलता आले नाही.

पुढच्या रविवारी आमच्यातला एक तरुण कार्यकर्ता त्याच्यावर तुटून पडला. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत व्यक्त केली ती त्याने ऐकवली. पॅकेज घ्यायचे, अभ्यासिका विसरायची, नाव लपवायचे आणि वर विनोद करायचे! कार्यकर्त्याचा राग खोटा नव्हता. तो स्वतः चाळीतल्या एका खोलीत राहतो आणि दारावर निळा झेंडा लावतो.

तरीही आम्हाला तो मान्य नाही, आणि कारणही बडोद्याचेच आहे. १९१७ साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा परदेशात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा नव्हती. पारशी पथिकाश्रमात उतरण्यासाठी त्यांनी वहीत पारशी नाव घातले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले. ज्या मित्रांकडे आसरा मागितला त्यांनी सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते एका बागेत बसून राहिले. हे सगळे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे, खोट्या नावासकट. त्या नावाबद्दल बाबासाहेबांना जाब विचारायची आपल्यापैकी कुणाची छाती आहे? मग वाकडच्या एजंटला सोडून आपण आपल्याच पोराचा जाब कसा विचारतो?

समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की शहर जात विसरायला लावते. पण सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नाव दलित किंवा मुस्लिम दिसले की दार बंद होण्याचे प्रमाण वाढते, हे तिच्यात आकड्यांनिशी आहे. कायदा नाही असेही नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ राहत्या जागेबद्दलही बोलते. पण कायद्यापुढे कुठला पुरावा ठेवणार? "मालकाचा भाऊ येतोय" या वाक्यात जातीचा शब्दच नाही. शिवी दिली असती तर फिर्याद झाली असती.

आमची त्याच्याबद्दल तक्रार असलीच तर वेगळी आहे. बाबासाहेबांनी लिहून ठेवले. याने नऊ दारे चहात बुडवून खाल्ली. आम्हीही पाहुणचार घेतल्यासारखे हसलो आणि एकदाही तारीख विचारली नाही, इमारत विचारली नाही. हा दोष त्याच्याइतकाच आमचा.

म्हणून त्याला म्हटले, बाबा, विनोद कर, पण नोंद ठेव. त्याने त्याच रात्री एक एक्सेल शीट करून पाठवली. तारीख, ठिकाण, भाडे, काय विचारले, काय कारण दिले. कारणाच्या रकान्याला त्याने 'भाऊ' असे नाव दिले आहे. आता त्यात बँकेतली एक मुलगी, दोन नर्स आणि एमपीएससी करणारे सहा जण नोंदी भरतात. झेंडेवाला कार्यकर्ता फोन करून त्या तपासतो, आणि एखादीत तारीख नसेल तर प्रोग्रामरलाच दम देतो.

शीटमध्ये शेवटी दोन रकाने आहेत: 'काय उत्तर दिले' आणि 'काय द्यायचे होते'. पहिली ओळ त्याची स्वतःची. तुळजापूर पहिल्या रकान्यात लिहिले आहे. दुसरा अजून रिकामा आहे. आम्ही म्हटले, अरे, अनइन्स्टॉल लिही की. म्हणाला, "ते तुमच्यासाठी होतं."

येत्या रविवारी तो आईला नव्या घरी घेऊन चाललाय. वंदनेला येईल, चहाला थांबणार नाही म्हणाला.