रोबो, पप्पा आणि वाळूज

आपल्या कामाचं एक दुखणं आहे. ते संपत नाही! मेलला रिप्लाय करा, त्या रिप्लायला रिप्लाय येतो. प्रेझेंटेशन ‘फायनल’ होतं, मग ‘फायनल टू’, मग ‘फायनल फायनल’. महिनाअखेरीला पगार येतो, पण ‘हे मी केलं’ म्हणून टेबलावर ठेवायला काहीच नसतं. अशा समस्त मंडळींना एक जालीम उपाय सांगते. एक रोबो बनवा.

घाबरू नका, वायर-बियर काही नाही. या छंदाचं नाव गनप्ला. म्हणजे गंडम अधिक प्लास्टिक मॉडेल. खोका उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले ढीगभर सुटे भाग. डिंक नको, स्क्रू नको. छोट्या निपरने भाग कापायचा, दुसऱ्या भागावर ठेवायचा, अंगठ्याने दाबायचा... खट्! त्या ‘खट्’ची नशा काही औरच.

गंडमची गोष्टही मस्त आहे. योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गंडम’ ही जपानी कार्टून मालिका एप्रिल १९७९ मध्ये टीव्हीवर आली आणि चालली नाही. ५२ भाग ठरले होते, ४३ वर गुंडाळली. मग जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातल्या रोबोचं मॉडेल काढलं, किंमत ३०० येन. टीव्हीवर पडलेला हीरो खेळण्यांच्या दुकानात सुपरहिट झाला! तेव्हा ते मॉडेल डिंकाने चिकटवावं लागे. आताचे रोबो नुसते दाबून बसतात, शिवाय मान, कोपर, गुडघा, घोटा सगळं हलतं. गोष्टीतला रोबो १८ मीटर उंच. त्याचा १४४ वा भाग, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर, माझ्या वाट्याला आला.

तर एका रविवारी सिडकोतल्या आमच्या घरी डायनिंग टेबलवर हा पसारा मांडला होता. पप्पा आले.

“काय करायलीस गं?”

मला वाटलं, आता या वयात खेळणी आणि मग ओघानेच लग्न असा विषय निघणार. पण पप्पांनी रोबोकडे बघितलंच नाही. चष्मा पुसला, भाग कापून रिकामी झालेली चौकट उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

“रनर आहे हा. गेट बघ कुठं दिलंय, जोडल्यावर दिसणार नाही अशा जागी.” मग एका भागाच्या कडेवरून नख फिरवलं. “पार्टिंग लाइन नखाला लागत नाही. लै भारी डाय आहे.”

रनर, गेट... हे शब्द मी या छंदासाठी नुकतेच शिकले होते. पप्पांचे ते रोजचे शब्द निघाले! वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आसपास सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. त्यातल्याच एका छोट्या टूलरूममध्ये पप्पांनी तीस वर्षं डाय बनवल्या. आमच्या घरात या सगळ्याला एकच शब्द होता, ‘कंपनी’. पप्पा कंपनीत गेले, पप्पा कंपनीतून आले. बस्स. रिटायर झाल्यापासून तर तोही विषय बंद होता. पेपर, टीव्ही आणि गच्चीतल्या कुंड्या.

त्या दिवशी मात्र पप्पा सुटलेच. मी विचारलं, डिंक नाही तरी हे घट्ट कसं बसतं?

“पिन भोकापेक्षा केसभर जाड ठेवायची. जास्त झाली की भाग तडकतो, कमी झाली की हात गळून पडतो. त्यात गरम प्लास्टिक थंड होताना आक्रसतं. म्हणून साचा आधीच जरा मोठा कापायचा.”

“मग बरोबर माप सापडतं कसं?”

“आधी सैल ठेवायचं. ट्रायल घ्यायची. मग साच्यातलं लोखंड थोडं थोडं काढत न्यायचं, तसतशी पिन जाड होते. एक लक्षात ठेव, लोखंड काढता येतं, परत लावता येत नाही.”

मला एकदम वेरूळ आठवलं. कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली खोदत आणलं. तिथेही तोच नियम, दगड काढता येतो, परत लावता येत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ हे काम करणारे हात किती जुने आहेत!

रात्री रोबो तयार झाला. पण उभा कसा, तर झेंडावंदनाला सावधान! इथे माझी पाळी होती. गनप्लाची खरी मजा पोझमध्ये. युक्ती पण आपल्या घरचीच आहे, त्रिभंग. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणि आठवा. वजन एका पायावर, कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला कललेली. रोबोचा एक गुडघा वाकवला, कंबर वळवली, मान किंचित झुकवली. प्लास्टिकमध्ये जीव आला! पण डाव्या हातात ढाल दिली आणि साहेब आडवे.

“वजन दोन्ही पावलांच्या मधे पडू दे,” पप्पा म्हणाले. घोटे फिरवून पावलं सपाट टेकवली, कंबर जरा उजवीकडे घेतली. उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पप्पांनी शेजारच्यांच्या जुन्या बाइकपाशी मला थांबवलं. इंडिकेटरच्या केशरी काचेवर बोट ठेवून म्हणाले, “ही डाय माझी.” ती बाइक मी कॉलेजपासून रोज बघत आले आहे. डाय बनवणाऱ्याचं नाव वस्तूवर कुठेच नसतं. त्यांनी सांगितलं नसतं तर कळायचा दुसरा मार्गच नव्हता.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वीकेंडला मॉल कॅन्सल करा आणि एक खोका मागवा. पहिल्या वेळी साधंच किट घ्या. भाग कापताना दोनदा कापा, आधी लांबून, मग जवळून, म्हणजे पांढरा डाग पडत नाही. आणि खोका खोलीचं दार लावून उघडू नका, डायनिंग टेबलवर उघडा. या शहरात कुणाच्या घरी कुठला कारागीर पेपर वाचत बसला असेल, सांगता येत नाही.

माझा रोबो सध्या लॅपटॉपशेजारी ऐटीत उभा आहे. रिकामी चौकट मात्र मी फेकणार होते, ती पप्पांनी मागून घेतली. त्यांच्या कपाटात, व्हर्नियरच्या डबीखाली, नीट ठेवली आहे.