घरचे पीठ

बिस्किटासारखा गरीब पदार्थ दुसरा नाही. त्याला सण नाही, व्रत नाही, नैवेद्याच्या पानात जागा नाही. चकलीला भाजणीची ऐट, अनारशाला तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचा मान, करंजीला मुरड घालणाऱ्या बोटांचे कौतुक! बिस्किट बिचारे चहाच्या बशीच्या कडेला अंग चोरून बसते आणि कुणी उचलले की मुकाट्याने बुडते. तरीही सकाळी, घर अजून पुरते जागे झालेले नसताना, पोटात पहिले जे काही जाते ते पुष्कळ घरांतून बिस्किटच असते. ज्याच्यावर आपण रोजची सकाळ सोपवतो त्याचा इतका कमी विचार करावा, हे काही बरे नव्हे. म्हणून फराळाच्या या दिवसांत मी बिस्किटांची ताटली पुढे करते आहे.

माझे माहेर पुण्याचे. दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आई रवा, मैदा, साखर आणि वनस्पती तुपाचा डबा पिशवीत भरून आम्हा भावंडांना बेकरीत पिटाळी. तिथे आमच्यासारखी पाचपन्नास घरे आधीच रांगेत उभी असत. भट्टीवाला जिन्नस तोलून घेई, मजुरी सांगे आणि मग आमचे पीठ एका मोठ्या परातीत पडे. दोन दणकट हात ते मळीत, साच्यातून पाडीत आणि लोखंडी पत्र्यांवर ओळीने मांडीत. लांब दांड्याच्या फळीने ते पत्रे भट्टीच्या लालभडक तोंडात जात, आणि आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहत राहू. न जाणो, आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात रिकामा व्हायचा! संध्याकाळी भरलेला डबा डोक्यावर घेऊन आम्ही परतलो की आई शेजारणींना सांगे, "यंदा घरची बिस्किटे केली हो!"

मळणारा दुसरा, भाजणारा दुसरा, भट्टी तिसऱ्याच गल्लीतली. मग त्यात घरचे ते काय? तर पीठ आणि तूप. पण तेवढ्यावर आईचा हक्क शाबूत होता, आणि त्या हक्काला कुणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.

हरकत घेणारा काळ मात्र त्याआधी होऊन गेला होता. पुण्यातच १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावून चहा आणि बिस्किटे पुढे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेला तो प्रसंग. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे तिथे होती. पुढे नावे छापून आली, गावात ग्रामण्य माजले आणि शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एक पेला चहा आणि दोन बिस्किटे यांनी शहरात केवढी फूट पाडली! वसईकडे तर विहिरीत पावाचा तुकडा पडला म्हणून गाव बाटल्याच्या कथा जुनी माणसे सांगत. भट्टीतून निघालेला जिन्नस आमच्या घरांत शिरला तो असा उंबरठ्यावर अडखळत अडखळत. तेव्हा डबा डोक्यावर घेऊन उजळ माथ्याने पेठेतून चालणारी आमची पिढी म्हणजे मोठी भाग्यवानच म्हणायची.

१९७४ साली लग्न होऊन मी गोरेगावला आले. गोरेगाव म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची लोकलगाडी उभी राहते. माझे गोरेगाव ते नव्हे. मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी विदर्भाच्या पार पूर्वेच्या टोकाला गोंदियाला थांबते. तिथून दक्षिणेला वीसेक किलोमीटर गेले की हे गाव लागते. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही बसल्या जागी दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. ही झाडीपट्टी. जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या, मधून मधून मालगुजारी तलाव आणि पलीकडे सागाचे, मोहाचे, पळसाचे रान. गहू दुकानातून आणायचा आणि तांदूळ घरच्या कणगीतून काढायचा, अशी इथली रीत. गव्हाच्या पोळीवर वाढलेल्या माझ्यासारखीला ती अंगवळणी पडायला एक पावसाळा गेला.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. अंगाने किरकोळ, पण शब्दाला धार. गावातल्या दुकानात गोंदियाहून टोस्ट आणि बिस्किटे येत. घरातली मुले ती मिटक्या मारीत खात, आत्याबाई मात्र बोटही लावीत नसत. "कोनाचं पीठ, कोनाचं तेल, काय मालूम!" एवढेच त्यांचे कारण. त्यात सोवळ्याओवळ्याचा भाग थोडा आणि न पाहिलेल्या हातांवरचा अविश्वास फार. आपल्या डोळ्यांदेखत न शिजलेले काही त्यांच्या घशाखाली उतरत नसे. प्रवासालासुद्धा त्यांचे फडके बरोबर असायचे, आणि त्यात पानगे.

पानगा मी इथेच पहिल्यांदा खाल्ला. तांदळाचे पीठ मीठ घालून कोमट पाण्यात मळायचे, जाडसर थापायचे, वरखाली पळसाची पाने लावायची आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवून वरूनही निखारे लोटायचे. पाने करपून काळी झाली की आतला पानगा तयार. पान सोलले की वरून खरपूस, आतून मऊ, आणि पळसाचा एक हिरवट धुरकट वास. चूल तीच, पण ही काही तव्यावरची भाकरी नव्हे. चारी बाजूंनी उष्णता देऊन भाजलेला हा पदार्थ. विदर्भातले गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे काय किंवा हा पानगा काय, भट्टी आमच्या घरांत होतीच. तिला विटांचे घर नव्हते, इतकेच.

हे मला कळले त्याला निमित्त माझ्या पुणेरी हौसेचे. दिवाळी आली आणि मला नानकटाईची आठवण झाली. गावात पीठ घेऊन जावे अशी भट्टी नव्हती. तेव्हा मी शेगडी पेटवली, ॲल्युमिनियमचे जाड पातेले वर ठेवले, त्यात चार बोटे वाळू ओतली, वाळूवर तिवई आणि तिवईवर थाळी. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय करून राहिली वो सूनबाई? रेती भाजून राहिली काय?"

मी सांगितले, वाळू सावकाश तापते, सावकाश निवते, म्हणून आच एकसारखी लागते. त्यांनी ऐकून घेतले. थोड्या वेळाने झाकण काढून दोघींनी पाहिले. खालची बाजू बदामी झालेली, वरचे डोके पांढरेफटक. शेगडीची आच खालूनच लागणार, त्याला कोण काय करणार? आत्याबाईंनी चिमटा उचलला, चुलीतले सात-आठ निखारे काढले आणि पातेल्याच्या झाकणावर नीट पसरले. "पानग्याले आपन वरून इस्तो देतो का नाही? तसंच हे."

दहा मिनिटांत नानकटाईचे डोके तुकतुकीत झाले आणि तिला देखण्या भेगा पडल्या. घरभर वेलदोड्याचा वास सुटला. मी एक बशीत घालून पुढे केली. आत्याबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मले नोको. मैदा दुकानचा हाय." शिकवणीची दक्षिणासुद्धा त्यांनी घेतली नाही!

अशी सतरा वर्षे गेली. दर दिवाळीला मी थाळी मांडायची, त्यांनी झाकणावर निखारे ठेवायचे आणि खायचे मात्र नाही. आमच्या दोघींत एवढी एक रेघ राहिली होती. भांडण कधीच नव्हते, पण ती रेघ मला दिसत असे.

१९९१ च्या पावसाळ्यात आत्याबाई तापाने आजारी पडल्या. ताप गेला पण तोंडाची चव घेऊन गेला. दात आधीच गेलेले. भात नको, पेज नको, दूध पाहून तोंड फिरवायच्या. पंधरा दिवसांत अंथरुणात माणूस आहे की नुसते लुगडे आहे अशी गत झाली. डॉक्टरांनी तपासले आणि बाहेर येऊन यजमानांना सांगितले, "औषधापेक्षा आता अन्नाची गरज आहे. जे घेतील ते द्या. चहात बुडवून बिस्किट द्या." घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बिस्किट, आणि आत्याबाईंना!

त्या रात्री मी घरच्या तांदळाचे पीठ काढले. नुसत्या तांदळाचे बिस्किट हातात धरले की भुगा होतो. गव्हाच्या पिठात पाणी पडले की एक चिवट धागा तयार होतो, तो पिठाला धरून ठेवतो. तांदळाला तो धागा नाही. पण ज्याला चावायचे नाही त्याला तो हवा कशाला? बांधण्यापुरती थोडी कणीक घेतली, बाकी सगळे तांदूळ. घरच्या गाईचे तूप फेटले, थोडा गूळ किसला, जायफळ उगाळले. वाळू तापवली. निखारे मात्र या वेळी मीच झाकणावर ठेवले.

सकाळी चहाचा पेला आणि दोन बिस्किटे घेऊन मी त्यांच्या उशाशी बसले. त्यांनी डोळे उघडले आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी विचारणा सुरू केली.

"तांदूर कोनता?"

"आपल्या बांधीतला."

"आन् तूप?"

"घरचं."

"भाजलं कोनं?"

"मीच. तुम्ही दाखवलं तसं, वरून इस्तो देऊन."

त्या बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या. मग तोंड उघडले. अर्धे बिस्किट चहात विरघळून पोटात गेले. मी माजघरात जाऊन पदराने डोळे पुसले, कारण त्यांच्यासमोर रडले असते तर बोलणी खावी लागली असती. दुसऱ्या दिवशी एक गेले, आठवड्याने दोन. मग पेज, मग मऊ भात. दिवाळीला त्या भिंतीला टेकून बसल्या आणि भेटायला आलेल्या बायांना सांगू लागल्या, "सूनबाई पानगे करते. गोड करते." बिस्किट हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. पुढे होळीच्या आधी त्या गेल्या. त्या सात महिन्यांतली एकही सकाळ त्यांच्या गोड पानग्यावाचून गेली नाही.

नानकटाईची जन्मकथा मी पुढे वाचली आणि मला गंमत वाटली. ही मूळची सुरतेची म्हणतात. डच व्यापारी तिथली वखार सोडून गेले तेव्हा त्यांची भट्टी दोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे आली. ताडीने फुगवलेला पाव लोक घेईनात. पडून पडून तो वाळला, आणि तो वाळका पाव पचायला हलका म्हणून आजारी माणसांसाठी मागणी येऊ लागली. त्यातूनच पुढे, ताडी वगळून, तूपसाखरेची नानकटाई झाली, अशी हकीकत सांगतात. 'नान' हा फारसी शब्द पावाचाच. आणि 'बिस्किट' या शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले तर त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेले'. म्हणजे वाळका टोस्ट हाच खरा बिस्किटांचा मूळ पुरुष!

गोव्यात पोर्तुगीजांनी पाव आणला, पण खमीर मिळेना, तेव्हा तिथल्या पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ फुगवले. उंडा, पोयी, काकण ही त्या भट्टीची लेकरे. आज गोमंतकीय माणसाला ती परकी म्हणून पाहा, तो तुम्हाला दारात उभे करणार नाही. पुण्याच्या कॅम्पात १९५५ पासून कयानींच्या बेकरीत श्रुसबेरी बिस्किटे मिळतात. नाव विलायती गावाचे, दुकान इराण्याचे, आणि सुटीवरून परतणाऱ्याच्या पिशवीत ती 'पुण्याची भेट' म्हणून जातात. पार्ल्याच्या कारखान्यात १९३९ पासून निघू लागलेली बिस्किटे तर खेड्यापाड्यांत पोहोचली. ज्याने त्याने आपले काहीतरी त्यात घातले: कुणी सूर, कुणी तूप, कुणी नाव. आत्याबाईंनी निखारे घातले.

आता आमच्या घरात विजेची भट्टी आहे आणि माझी सून आकडे फिरवून आच ठरवते. तिच्यासाठी लिहून दिलेले प्रमाण इथेही देते. दोन वाट्या तांदळाचे बारीक पीठ, एक वाटी कणीक, एक वाटी घट्ट तूप, एक वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, जायफळ आणि वेलदोडा. तूप आणि गूळ हलके होईपर्यंत फेटावे, मग पीठ मिसळावे. फार मळू नये, गोळा जमण्यापुरतेच दूध शिंपडावे. चपटे गोळे करून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावेत. पत्रा बाहेर काढल्यावर ती बोटाला मऊ लागतात. कच्ची राहिली या समजुतीने पुन्हा आत ढकलू नयेत. निवताना ती आपोआप खुसखुशीत होतात. पुरती गार झाल्यावाचून डब्याचे झाकण लावू नये, नाहीतर आतल्या वाफेने सादळतात. आणि घरात दात गेलेले कुणी वडीलधारे माणूस असेल, तर त्याच्यासाठी चार बिस्किटे वेगळी करावीत, थोडी जाड आणि जरा कमी भाजलेली.