बाबांचं मशीन निघालं विमानाने

झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी सीपॅप मशीन असतं. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत मांडली. आयडिया साधी: नाकावाटे हवेचा दाब देत राहायचं, म्हणजे घसा आतून मिटत नाही.

आमच्या बाबांकडे हे मशीन आहे, रेवदंड्याला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. त्यानंतर मशीनसाठी बॅटरी घेतली. ताईकडे जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा तीच कामी आली.

आता थोडं गणित. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. आमची बॅटरी २४ गुणिले ४, म्हणजे ९६. विमानात १०० पर्यंत सहसा चालते. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायची नाही, जवळच ठेवायची. पाण्याची टाकी रिकामी करायची. डॉक्टरांचं पत्र बरोबर असलेलं बरं. आणि विमानात मशीन लावायचं असेल तर एअरलाइनला आधीच कळवायचं.

एवढं सगळं झालं, आणि बाबा म्हणतात, "चारचौघांत नाकाला नळी लावून बसू? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "तुमचं घोरणं ऐकून काय म्हणतील?"

हसले, पण ऐकेनात. मग आई म्हणाली, "मशीन यायच्या आधी रात्र रात्र तुमचा श्वास मोजत जागायचे मी. आता विमानात परत तेच करू?"

बाबांनी मुकाट्याने मास्क लावला. आई जर्मनी येईपर्यंत गाढ झोपली होती.