सरकगाठ

ऑगस्टमध्ये सोसायटीत घरोघरी झेंडे वाटले. पाकीट फोडलं आणि नव्या रेनकोटचा वास आला. झेंड्याला डांबरगोळ्यांचा वास असतो, ही माझी लहानपणापासूनची ठाम समजूत. ती मामांमुळे.

मामा म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या शाळेचे शिपाई. आदल्या संध्याकाळी ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून खादीचा झेंडा काढायचे, चपला बाजूला ठेवायचे आणि सतरंजीवर बसून घड्या घालायचे. आत झेंडूच्या पाकळ्या, वरून सरकगाठ. घट्ट बसली तर पाहुण्यांची फजिती, सैल राहिली तर वाऱ्यानंच सुटायची. आम्ही हात लावायला धावलो की म्हणायचे, ‘‘हात धुऊन या.’’ धुऊन येईपर्यंत गाठ मारून झालेली असे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. शिवाय आमच्याकडे १७ सप्टेंबर. १९४७च्या त्या पंधरा ऑगस्टला आमचा मुलूख निजामाकडेच होता. हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आम्हाला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं. त्यामुळे मामांना वर्षात एक गाठ जास्त.

झेंड्यावरून माझा एक जुना राग आहे, तो नागरिकशास्त्राच्या पेपरावर. रंगांचे अर्थ लिहा. केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा. पुढे वाचलं तेव्हा कळलं, हे अर्थ काही झेंड्याबरोबर जन्मले नव्हते. १९२१मध्ये बेझवाड्यात पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना आराखडा दाखवला, तेव्हा त्यातला लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा होता. बाकीच्यांसाठी गांधीजींनी पांढरा घालायला लावला, आणि सर्वांसाठी चरखा. १९३१मध्ये काँग्रेसनं लालाच्या जागी केशरी आणला, रंगांचा धर्माशी संबंध नाही असं ठरावात लिहिलं आणि हिरव्याला श्रद्धा आणि शौर्य बहाल केलं. कुठल्या सालचा हिरवा, ते पेपरात कुणी विचारलंच नव्हतं.

मामांना यातलं काही विचारलं असतं तर त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं असतं. ध्वजवंदनाला सगळ्यांच्या नजरा झेंड्यावर असत, मामांची कप्पीवर. पाकळ्या पडल्या की ते श्वास सोडत. त्यांनी सलामी दिल्याचं मला आठवत नाही.

सलामी देणार नाही, असं खुद्द गांधीजीही म्हणाले होते. २२ जुलै १९४७ला संविधान सभेनं झेंडा मंजूर केला, त्यात चरख्याऐवजी २४ आऱ्यांचं चक्र आलं. नेहरूंनी दिलेलं कारण व्यवहारी होतं: चरख्याला एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती, मागून पाहिलं तर सगळं उलटं. झेंडा दोन्हीकडून सारखा दिसायला हवा. कारण पटतं. तरीही हातानं चालवायचं अवजार गेलं आणि पाहायचं चिन्ह आलं, हे गांधीजींना झोंबलं असणार.

हात उरला तो कापडात. हातानं कातलेली, हातमागावर विणलेली खादीच हवी, असा नियम होता. धारवाडजवळच्या गरगमध्ये झेंड्याची खादी विणतात, हुबळीच्या बेंगेरीत झेंडे शिवतात. आमच्याकडे नांदेडची खादी समितीही झेंडे करते. आमच्या शाळेचा बहुधा तिथलाच. डिसेंबर २०२१मध्ये नियम बदलला, यंत्रावरचं पॉलिएस्टर चालू लागलं. झेंडा स्वस्त झाला, गल्लीबोळांत पोचला. त्याबद्दल तक्रार करायला मी कोण?

माझी तक्रार पुढच्या सवलतीबद्दल आहे. जुलै २०२२पासून घरचा झेंडा रात्रीही तसाच ठेवता येतो. सकाळी लाडू घेऊन आम्ही पांगायचो. मामा मात्र थांबायचे, कारण सूर्यास्ताला झेंडा उतरवायचा असे. तेव्हा ना बँड, ना पाहुणे. एकदा वही विसरले म्हणून संध्याकाळी शाळेत गेले, तर मामा दोरी सोडत होते. मला पाहून म्हणाले, ‘‘हात धुतलेस का?’’ मी हो म्हटलं आणि त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं.

सवलत सोयीची आहे, कबूल. पण दिवसाकाठी एक तरी काम झेंड्यानं माणसाला सांगावं, असं मला वाटतं. म्हणून मी माझा रोज तिन्हीसांजेला आत घेते. शेजारीण म्हणते, आता गरज नाही. मी म्हणते, मला आहे.