खोडाचा रंग

माझ्या वर्गात खोड तपकिरीच असायचं. श्रीपुरात चित्रकला शिकवताना मी वर्षानुवर्षं तेच तपासलं. एका मुलानं निसर्गचित्रात कडुलिंबाचं खोड जांभळं रंगवलं, तेव्हा त्याचा कागद उंच धरून मी वर्गाला विचारलं, "असं झाड कुणी बघितलंय का?" पोरं हसली. मीही हसलो. त्या मुलानं पुढं एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला नावच दिलं नाही. मला त्याची खंतसुद्धा वाटली नाही.

रेखाटन जमत नाही म्हणून काही चित्रकार असा रंगांचा गोंधळ घालतात, असं माझं मत. त्यात एका पुस्तकात व्हॅन गॉगचं वनचित्र समोर आलं. सिनसिनाटीच्या संग्रहालयातलं, उंचीच्या जवळपास दुप्पट रुंद, जून १८९० मधलं. झाडीत दोन माणसं, आणि पॉपलरची खोडं जांभळी. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रातही त्यानं ती जांभळीच सांगितली आहेत. वेड्याचा कारभार, म्हणून मी पान उलटलं. आजारी माणसाबद्दल हा शब्द मी किती सहज वापरला!

पण ते खोड डोक्यातून जाईना. त्याला खोटं पाडायचं म्हणून बांधावर गेलो. आमच्या माळशिरस तालुक्यात जंगल कुठलं? ऊस तुटून गेलेला, फडात पिवळं पाचट, कडेला कडुलिंब. उन्हं उतरत होती. पांढऱ्या कागदाला दाभणानं भोक पाडून त्यातून खोड पाहिलं. नुसतं राखाडी. तपकिरी कुठंच नाही. कागद बाजूला केला, पाचटासकट पाहिलं, तर तेच राखाडी जांभळ्याकडं झुकलेलं. पुन्हा कागद लावला, पुन्हा काढला. अंधार पडेस्तोवर तेच.

पिवळ्याशेजारचं राखाडी जांभळट भासतं. शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८३९ च्या ग्रंथात रंगांचा हा शेजारधर्म मांडला होता. पिवळ्यासमोर जांभळा, हे रंगचक्र तर मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. पाठ होतं, पाहिलं नव्हतं. माझा तपकिरी पोस्टर कलरच्या बाटलीतला होता.

व्हॅन गॉगनं जांभळा जरा जास्तच चढवला, असं मला अजूनही वाटतं. ती दोन माणसंही लाकडी वाटतात. तो मुलगा मात्र बघून रंगवत होता की गंमत करत होता, हे मला माहीत नाही, कारण त्याला मी विचारलंच नाही. आजही तपकिरी खोड दिसलं की गुण आपसूक पडतात. मग खोडरबर घेऊन मागं यावं लागतं.